झुंजारला मागचं आठवतं का?

मालिकेतली रहस्यकादंबरी हाती घेताना वाचकाला आधी एक साधा प्रश्न पडतो : या नायकाचं पहिलं पुस्तक कुठलं, आणि तिथूनच सुरुवात करायला हवी का? पुण्या-मुंबईच्या वाचकाला फोनवर यादी काढता येते, दुकानात जाऊन पहिला भाग मागता येतो. वीर, महाड, पोलादपूर या पट्ट्यात हा प्रश्न कधी पडलाच नाही. जे पुस्तक हाती आलं तेच पहिलं. कोकण रेल्वेची गाडी १९९३ साली रोह्याहून वीरपर्यंत आली आणि १९९५ साली पुढे खेडला गेली. त्याआधी मुंबईचं जे काही यायचं ते एसटीने, आणि रहस्यकथा यायची ती गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीतून. गिरणगावातल्या खोलीत सगळ्यांची वाचून झालेली, कव्हर निघालेली, कधी कधी शेवटचं पानच गेलेली. अशा वाचकाने क्रम कसला पाळायचा?

तरीही बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार इथल्या घराघरात ओळखीचा होता. काळापहाड कोण हे पोराटोरांना ठाऊक होतं. क्रम माहीत नसताना, निम्मी पुस्तकं कधी न पाहता एखाद्या नायकाशी इतकी ओळख कशी होते, याचा विचार मराठीत फारसा झालेला नाही. रहस्यकथेवर लिहिणारे बहुधा पुस्तकांची संख्या सांगतात, इंग्रजी मूळ कुठलं ते सांगतात आणि लेख संपवतात. मला दुसरी कसोटी जास्त उपयोगी वाटते. नायकाला मागचं आठवतं का? आधीच्या पुस्तकात कुणी मेलं, कुणाचं लग्न झालं, तपासात चूक झाली, तर त्याची खूण पुढच्या पुस्तकात त्याच्या वागण्यात दिसते का? या एका प्रश्नावर जगातल्या सगळ्या मालिकांची दोन कुळं पडतात. मराठीचं बळ आणि मराठीची उणीव, दोन्ही तिथंच सापडतात.

मराठी वाचकाला रहस्याची गोडी लावली गोविंद नारायण दातारशास्त्र्यांनी. रेनॉल्ड्ससारख्या इंग्रज लेखकांच्या कादंबऱ्या त्यांनी मराठी वेषात आणल्या. पण पुस्तकामागून पुस्तक तोच नायक घेऊन वाचकाच्या घरात ठाण मांडण्याचं काम बाबूराव अर्नाळकरांचं. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९९६ साली ते गेले तेव्हा हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर होत्या. तुलनेसाठी सांगायचं तर जॉर्ज सिमेनॉन या प्रचंड लिहिणाऱ्या लेखकाने इन्स्पेक्टर मेग्रेच्या ७५ कादंबऱ्या लिहिल्या, आणि युरोप त्या आकड्याने थक्क होतो.

अर्नाळकरांनी एका नायकावर भिस्त ठेवली नाही. झुंजार, त्याच्याबरोबर विजया आणि नेताजी. कायद्याच्या पलीकडे उभा राहून न्याय करणारा काळापहाड. होम्स आणि वॉटसनच्या वळणावर गेलेली धनंजय-छोटूची जोडी. याशिवाय आणखी कितीतरी. वाचकाची मनःस्थिती पाहून लेखक नायक पुढे करत होता. ज्याला डोकं चालवायचंय त्याच्यासाठी धनंजय, ज्याला अन्यायाचा हिशेब चुकता झालेला पाहायचाय त्याच्यासाठी काळापहाड. माझ्या मते अर्नाळकरांचं खरं कौशल्य या वाटणीत होतं. दिवसभर मुकादमाचं ऐकून घेतलेला माणूस रात्री काळापहाड का मागतो, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

आता या पुस्तकांची घडण पाहा. आकार लहान, एका बैठकीत किंवा एका रात्रीत संपेल एवढा. वाचक ते विकत क्वचितच घ्यायचा. वस्तीतल्या खाजगी वाचनालयातून दिवसाच्या भाड्याने आणायचा, सकाळी परत करायचा आणि दुसरं मागायचा. वाचनालयवाल्याकडे जे शिल्लक असेल ते तो द्यायचा. अशा व्यवहारात नायकाला मागचं आठवू लागलं, तर ज्याने मागचं वाचलेलं नाही तो वाचक उंबऱ्याबाहेरच राहतो. म्हणून झुंजारचं वय वाढत नाही. प्रत्येक पुस्तक स्वतःत पूर्ण, आणि पहिल्या दोन पानांत सगळ्यांची ओळख नव्याने. ज्याच्याकडे पैसे कमी, पुस्तकं कमी आणि वेळही कमी, अशा वाचकाला लेखकाने दिलेला तो शब्द होता : कुठूनही ये, तुला कळेल. शेवटचं पान गेलेल्या प्रतीवरही तो शब्द बराचसा पाळला जायचा, कारण झुंजार जिंकणार हे ठाऊकच असायचं आणि गंमत तो कसा जिंकतो यात असायची. वीरच्या वाचकाला क्रमाशिवाय झुंजार भेटला तो यामुळे. लेखकाची आठवण कमी पडली म्हणून झुंजार विसराळू झाला, असं म्हणणाऱ्यांना हा व्यवहारच कळलेला नाही.

क्रमाचा बाऊ करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोठमोठ्या मालिकांचा क्रम लेखकांनीच मोडलेला आहे. कॉनन डॉइलने १८९३ साली होम्सला मारलं. १९०१ साली 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' लिहायला घेतली ती होम्सच्या मृत्यूआधीची हकीकत म्हणून, आणि १९०३ साली त्याला जिवंत करून परत आणलं. अ‍ॅगाथा ख्रिस्तीने प्वारोचा शेवट सांगणारी 'कर्टन' दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवली होती. ती छापली गेली १९७५ साली, आणि न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर प्वारोची मृत्युवार्ता दिली. हा प्वारो १९२०च्या पहिल्या पुस्तकातच पोलीस खात्यातून निवृत्त झालेला होता. वयाचा हिशेब केला तर शेवटी तो शंभरीच्या पुढचा निघतो, आणि वाचकाचं त्यावाचून काही अडत नाही.

आपल्या मुंबईचंही उदाहरण आहे. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने १९६४ साली 'द परफेक्ट मर्डर' या कादंबरीत मुंबई गुन्हे शाखेचा इन्स्पेक्टर गणेश घोटे उभा केला. तेव्हा कीटिंगने भारतात पाऊलही ठेवलं नव्हतं. तो आला त्यानंतर दहा वर्षांनी. घोटेला बायको आहे, मुलगा आहे, वरिष्ठांचा धाक आहे, हातून चूक होईल ही भीती आहे. चार दशकांहून अधिक काळ ही मालिका चालली, आणि घोटेच्या पहिल्या प्रकरणाची कादंबरी कीटिंगने लिहिली ती २००८ साली, अगदी शेवटी शेवटी. एक मराठी पोलीस अधिकारी इंग्रजी रहस्यकथेचा मान्यवर मालिकानायक झाला, त्याच्यावर १९८८ साली नसीरुद्दीन शाहांना घेऊन चित्रपट निघाला, आणि मराठीत त्याची पुरेशी दखलही घेतली गेली नाही. मला याची खंत वाटते. मराठी लेखकाच्या हातून असा बिचकणारा, संसारी, सरकारी नोकरीतला तपासनीस दहा-वीस पुस्तकं चालायला हवा होता.

दुसरं कूळ आठवणाऱ्यांचं. स्वीडनच्या मायी शेवाल आणि पेर वाहले या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेकच्या नेमक्या दहा कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्या दहांतून आपल्या देशाचा एक सलग पंचनामा केला. इयन रँकिनचा इन्स्पेक्टर रीबस १९८७ साली आला, पुस्तकागणिक म्हातारा होत गेला आणि साठीला पोलीस खात्यातून निवृत्तही झाला. लांब कशाला, हिंदीत सुरेंद्र मोहन पाठकांकडे दोन्ही कुळं एकाच घरात नांदतात. १९६३ पासूनचा त्यांचा पत्रकार सुनील कुठूनही वाचता येतो. १९७१ पासूनचा विमल मात्र एका पुस्तकात केलेला गुन्हा पुढच्या पुस्तकात अंगावर वागवतो, आणि मधलं एखादं पुस्तक चुकलं तर वाचक गोंधळतो. विमलच्या वाचकांना क्रम पाठ असतो. रेल्वे स्थानकांवरच्या स्टॉलवर विकल्या जाणाऱ्या स्वस्त पुस्तकांतूनही लांब पल्ल्याची आठवण टिकते, याचा हा पुरावा आहे. स्वस्त पुस्तक म्हणजे विसराळू नायक, असा नियम नाही.

बंगालीतला ब्योमकेश बक्षी या दोन कुळांच्या मधे उभा आहे, आणि महाराष्ट्राशी त्याचं नातं आपल्या वाचकांना वाटतं त्यापेक्षा जवळचं आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ साली बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले, पण ब्योमकेश त्याआधीच थांबला होता. सुमारे पंधरा वर्षांच्या खंडानंतर १९५१च्या सुमारास त्यांनी त्याला पुन्हा हाती घेतलं. १९५२ साली चित्रपटांचा नाद सोडून ते पुण्यात स्थायिक झाले आणि १९७० साली निधन होईपर्यंत लिहीत राहिले. ब्योमकेशच्या ३२ पूर्ण कथांपैकी बहुतेक या दुसऱ्या डावातल्या, म्हणजे महाराष्ट्रात राहून लिहिलेल्या आहेत. ब्योमकेशला मागचं आठवतं. एका प्रकरणात भेटलेल्या सत्यवतीशी तो लग्न करतो, त्यांना मुलगा होतो, घर बदलतं. तरी प्रत्येक कथा सुटी वाचता येते. ज्या कथेत त्याच्या कथा सांगणाऱ्या मित्राची, अजितची, आणि त्याची पहिली भेट होते ती 'सत्यान्वेषी' लिहून झाली दोन कथा आधीच लिहिल्यानंतर, हेही गमतीचं. माझ्यासाठी मालिकेचा आदर्श हाच : अनोळखी वाचकाला दार उघडं, आणि जुन्या वाचकाला घरात झालेले बदल दिसावेत.

पुण्यात राहणाऱ्या शरदिंदूंनी ब्योमकेशला एकदा महाबळेश्वरलाही आणलं. 'शैलरहस्य' या कथेत तो तिथल्या हॉटेलातून अजितला पत्र लिहितो. आणि भा. रा. भागवतांच्या मालिकेत 'प्रतापगडावर फास्टर फेणे' हे पुस्तक आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की वाटेत प्रतापगड आणि वर महाबळेश्वर. दोन भाषांमधले दोन मोठे मालिकानायक घाटमाथ्यापर्यंत येऊन गेले आहेत. घाट उतरून सावित्रीच्या खोऱ्यात मात्र नाव घेण्याजोगा कुणी उतरलेला नाही.

फास्टर फेणेबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण मराठीतला सर्वांत यशस्वी मालिकानायक कोण असं विचारलं तर मी त्याचंच नाव घेईन. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर बसला की वाऱ्यासारखा सुटणारा. वीस पुस्तकं. तोही वाढत नाही, शाळेतच राहतो. पण भागवतांनी त्याच्याभोवतीचं जग खरं ठेवलं. गावं खरी, रस्ते खरे, गाड्या खऱ्या, चीनचं युद्धही खरं. वय थांबलं तरी भूगोल आणि काळ पुढे सरकत राहिले, म्हणून ती पुस्तकं आजही कागदी वाटत नाहीत. दूरदर्शनवर त्याची मालिका झाली, २०१७ साली चित्रपट निघाला, पुस्तकं अजून छापली जातात आणि कुठलं पुस्तक कितवं हे शोधता येतं. मुलांच्या साहित्याची मराठीने जी काळजी घेतली ती मोठ्यांच्या रहस्यकथेची घेतली नाही.

अर्नाळकरांनंतरचा काळ झपाट्याने सांगून टाकतो, कारण घडण फारशी बदलली नाही. गुरुनाथ नाईक १९७० साली 'मृत्यूकडे नेणारे चुंबन' घेऊन आले आणि २०२१ साली गेले तेव्हा सुमारे बाराशे पुस्तकं मागे होती. कॅप्टन दीप, गरुड, शिलेदार, गोलंदाज हे त्यांचे नायक. फौजेची आणि हेरगिरीची हवा त्यांनी आणली. दोन युद्धं पाहिलेल्या पिढीला ती हवी होती. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन असे नायक उभे केले. त्यांची भाषा कॉलेजातल्या मुलांची, संवाद चटपटीत, आणि अमर विश्वासच्या पुस्तकांत कोर्टाचं नाट्य. 'दुनियादारी'मुळे आज त्यांचं नाव निघतं, पण लेखणीला वेग आला तो या मालिकांतून. नारायण धारपांचा समर्थ गुन्ह्यापेक्षा अमानवी शक्तींचा बंदोबस्त करणारा, तरी वाचकाच्या मनात त्याची जागा मालिकानायकांतच आहे. समर्थ आला की आता भीती नाही, हा दिलासा झुंजारच्या दिलाशाच्याच जातीचा.

या परंपरेचे दोष झाकण्यात अर्थ नाही. कथानकं पुष्कळदा इंग्रजीवरून उचललेली, आणि ऋण नेहमी कबूल केलेलं नाही. बायका बहुधा संकटात सापडायला किंवा मोहात पाडायला. विजयासारखी बरोबरीने धावणारी विरळाच. तपास कमी आणि योगायोग जास्त. महिन्याला काही पुस्तकं हातावेगळी करायची तर दुसरं काही होणंही कठीण होतं. पण समीक्षकांनी या दोषांवरून अख्खं दालनच बंद केलं, हा अन्याय आहे. कित्येक मराठी लेखकांनी वाचनाची सवय अर्नाळकरांनी लावली असं मोकळेपणाने लिहिलं आहे. ज्या माणसाने लक्षावधींना अक्षराच्या नादी लावलं, त्याचं तंत्र अभ्यासायला विद्यापीठांना हरकत काय?

ऐंशीच्या दशकापासून मालिकानायकाची भूक टीव्हीने भागवायला घेतली. 'एक शून्य शून्य', रमेश भाटकरांचा 'हॅलो इन्स्पेक्टर', १९९३ सालचा हिंदीतला ब्योमकेश, १९९८ पासून शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न. खाजगी वाचनालयं मिटत गेली. 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकांनी रहस्यकथेचा दिवा तेवत ठेवला, पण वर्षातून एकदा येणाऱ्या अंकात सुटी कथा वाढते, मालिका वाढत नाही. अनुवादांनी ही जागा काही प्रमाणात भरली. भालबा केळकरांनी होम्स आणला, मधुकर तोरडमलांनी ख्रिस्तीच्या कादंबऱ्या आणल्या, अशोक जैनांनी सत्यजित राय यांचा फेलूदा मराठीत आणला. त्या फेलूदाची एक कामगिरी वेरूळच्या लेण्यांत आहे, एक मुंबईत. राजहंस प्रकाशनाने निवडक अर्नाळकर पुन्हा छापले, ही मोलाची गोष्ट. पण हजारातले निवडक म्हणजे नायकाचा चेहरा दिसतो, त्याची वाटचाल दिसत नाही.

मराठी मालिकेला पुढे न्यायचं तर आठवण असलेला नायक हवा, आणि त्याला एक गाव हवं. माझ्या डोळ्यांसमोर पोलीस पाटील येतो. १९६७च्या ग्रामपोलीस अधिनियमाने गावोगाव नेमला जाणारा हा माणूस मराठी रहस्यकथेला कसा सुचला नाही, याचं मला नवल वाटतं. गावात मढं सापडलं की फौजदार येईपर्यंत तिथं थांबायचं, खबर द्यायची, पंच गोळा करायचे, आणि फौजदार गेल्यावर त्याच लोकांत नांदायचं. त्याला सगळं आठवतं, कारण विसरून चालत नाही. वीस वर्षांपूर्वीची बांधावरची कुऱ्हाड, सातबाऱ्यावरून गायब झालेलं बहिणीचं नाव, महामार्गाच्या मोबदल्यात फसवलेला भाऊ. महाडच्या औद्योगिक वसाहतीतले टँकर, सावित्रीची रेती, पावसाळ्यात तुटणारी वाट, वीर स्थानकात पहाटे उतरणारा अनोळखी माणूस : एवढ्या सामग्रीवर दहा पुस्तकं सहज उभी राहतील. पहिल्या पुस्तकातली विधवा पाचव्यात सरपंच झालेली दिसावी. असा लेखक कुठं लिहीत असेल तर त्याने किंवा तिने एकाच पुस्तकावर थांबू नये.

तोवर वाचायचं कसं? नव्या वाचकाला माझं सांगणं असं. अर्नाळकर, नाईक, शिरवळकर जे मिळेल तिथून घ्या, क्रमाची चिंता करू नका. होम्स वाचताना त्याचा मृत्यू आधी आणि परतणं नंतर एवढं सांभाळा. प्वारो कुठूनही, फक्त 'कर्टन' शेवटी. ब्योमकेश 'सत्यान्वेषी'पासून सुरू करा. विमल, बेक आणि रीबस पहिल्यापासून ओळीने वाचा, नाहीतर निम्मी गोडी जाईल.

आणि एक विनंती महाड-पोलादपूरच्या घरांना आणि वाचनालयांना. जुलै २०२१च्या पुरात महाडमधल्या घरादारांतलं किती सामान गेलं हे आपण पाहिलं, आणि कागद तर पाण्यापुढे सगळ्यात आधी जातो. जी पुस्तकं माळ्यावर, ट्रंकेत, गोणीत बचावली आहेत त्यांत पिवळ्या पडलेल्या रहस्यकथा असतील. त्या रद्दीत घालू नका. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात द्या. ग्रंथपालांनी त्या फाटक्या म्हणून बाद करू नयेत. पहिल्या पानावर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहाव्यात : नायक कोण, छपाईचं साल दिसत असेल तर ते, आणि पानं पूर्ण आहेत की नाहीत. तालुक्या-तालुक्यातून अशा याद्या जमल्या तर झुंजारच्या पुस्तकांचा क्रम पहिल्यांदाच लावता येईल. प्रकाशकांकडून तो मिळण्याची वाट बघत बसलो तर उरलेल्या प्रतीही जातील.